पीसी की कन्सोल? संतपूरच्या घरातला चार वर्षांचा हिशेब

एप्रिल २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ स्लिम भारतात आला, तेव्हा डिस्क चालणाऱ्या कन्सोलची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिस्कशिवायच्या डिजिटल कन्सोलची ४४,९९०. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये एक्सबॉक्स सिरीज एस ३४,९९० रुपयांना आला होता. पुढे तो महागला. साधारण तेच खेळ चालवणारा पीसी २०२४ च्या भावाने जोडायचा तर मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस धरून ६७ हजारांच्या घरात जातो. पाटीवरच्या किमती पाहिल्या तर कन्सोल स्वस्त.

पण बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, संतपूरसारख्या गावात, हा खर्च एकदा करून संपत नाही. यंत्र चार वर्षं तरी चाललं पाहिजे. विजेचं बिल, इंटरनेटचा डेटा आणि दुरुस्तीसाठी शहराची खेप हे सगळं त्याच घराच्या माथी येतं. म्हणून पाटीवरची किंमत बाजूला ठेवून चार वर्षांची बेरीज मांडायला हवी.

पीसीचे ६७ हजार कुठे जातात?

२०२४ च्या बाजारातला ढोबळ अंदाज असा:

- रायझन ५ ५६०० प्रोसेसर: ११,०००
- मदरबोर्ड: ७,५००
- १६ जीबी रॅम: ३,५००
- १ टीबी एसएसडी: ५,०००
- रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड: २०,०००
- पॉवर सप्लाय: ४,०००
- कॅबिनेट: ३,०००
- मॉनिटर: ९,०००
- कीबोर्ड-माऊस: १,५००
- यूपीएस: ३,०००

एकूण ६७,५००. विंडोजचा परवाना वेगळा, सुमारे १०,०००. म्हणजे ७७,५००.

यातले भाव दर महिन्याला हलतात. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. हैदराबादच्या सीटीसी मार्केटमधून कोटेशन आणलं असेल तर त्याच आठवड्यात निर्णय घ्यावा. जुन्या कोटेशनवर बेत आखू नये.

ताकदीत हा पीसी कुठे बसतो? प्लेस्टेशन ५ ची ग्राफिक्स क्षमता कागदावर १०.२८ टेराफ्लॉप्स, आरएक्स ६६०० ची सुमारे ८.९ आणि सिरीज एसची ४. वेगवेगळ्या यंत्रांचे हे आकडे एकास एक जुळत नाहीत, तरी अंदाज येतो. साध्या फुल एचडी पडद्यावर पीसी आणि प्लेस्टेशन दोन्ही समाधानाने चालतात. सिरीज एस मागे पडतो, पण खेळ अडत नाही.

बेरीज

घरात टीव्ही आहे असं धरू. वर्षाला ३ मोठे खेळ, म्हणजे चार वर्षांत १२. प्लेस्टेशनचे मोठे खेळ नवे असताना ४,९९९ रुपयांना येत. थांबून सवलतीत घेतले तर सरासरी २,५०० धरता येतील. पीसीवर खेळांच्या किमती मुळातच कमी असतात. सायबरपंक २०७७ स्टीमवर २,९९९ रुपयांना आला होता. तिथे सवलतीही मोठ्या मिळतात, म्हणून सरासरी १,५०० धरू.

प्लेस्टेशनवर विकतचे खेळ ऑनलाइन खेळायचे तर प्लेस्टेशन प्लसची वर्गणी भरावी लागते. २०२२ मध्ये सर्वांत स्वस्त योजना वर्षाला २,९९९ होती, २०२३ मध्ये ती वाढली. जुन्याच दराने धरली तरी चार वर्षांचे १२ हजार होतात. पीसीवर हा खर्च नाही. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि व्हॅलोरंट हे खेळ तिथे फुकट आहेत.

विजेचा खर्च पुढे सविस्तर येतो. तूर्त चार वर्षांचे ७,२०० धरू.

प्लेस्टेशन: ५४,९९० + १२,००० + ३०,००० + ७,२०० = १,०४,१९०.

पीसी: ७७,५०० + १८,००० + ७,२०० = १,०२,७००.

पाटीवर साडेबावीस हजारांचं अंतर होतं. चार वर्षांत ते बुजलं. सिरीज एसचं गणित, त्याच्या सुरुवातीच्या किमतीने, ३४,९९० + ३०,००० + वीज ४,००० असं होतं, म्हणजे सुमारे ६९ हजार. ऑनलाइन वर्गणी घेतली तर ती वेगळी. शिवाय त्याला डिस्क चालत नाही, त्यामुळे जुनी डिस्क घेऊन, खेळून, पुन्हा विकण्याची सोय नाही.

गृहज्योतीची सीमारेषा

खेळताना प्लेस्टेशन साधारण २०० वॉट ओढतो, त्यात टीव्हीचे ८० धरा. पीसी मॉनिटरसकट २७५ च्या आसपास जातो. रोज ३ तास, महिन्याला ९० तास खेळलं तर दोघांचेही २५ युनिट होतात. सिरीज एस ७५ वॉटवर भागवतो, टीव्हीसकट महिन्याला १४ युनिट. युनिटला ६ रुपये धरले तर फरक महिन्याला ६०-७० रुपयांचा.

पण कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधल्या सरासरी वापरावर थोडी वाढ देऊन प्रत्येक घराची मोफत मर्यादा ठरते. त्याहून जास्त वापर झाला तर वरच्या युनिटांचे पैसे भरावे लागतात. २०० च्या पुढे गेलं तर पूर्ण बिल भरावं लागतं.

आता दोन घरं घेऊ. पहिल्या घराचा वापर ८० युनिट, मर्यादा ९०. पीसी आला की वापर १०५ होतो. वरच्या १५ युनिटांचे ९० रुपये. दुसऱ्या घरात फ्रिज आणि पाण्याची मोटर आहे, वापर १८५. तिथे २५ युनिट वाढले की २१० होतात आणि सगळंच बिल अंगावर येतं: २१० गुणिले ६ म्हणजे १,२६० रुपये, स्थिर आकार वेगळा. त्याच घरात सिरीज एस आला तर वापर १९९ वर थांबतो, लागलेच तर मर्यादेवरच्या थोड्या युनिटांचे पैसे लागतील. यंत्र पसंत करण्याआधी गेल्या १२ महिन्यांची जेस्कॉमची बिलं समोर ठेवून वापराचे आकडे बघावेत.

सप्लायवरचं लेबल

संतपूरला विजेचा प्रश्न फक्त बिलाचा नाही. रब्बीत शेतातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरात व्होल्टेज पडतं, ट्यूबलाइट फडफडायला लागते. पीसीचा पॉवर सप्लाय घेताना डब्याच्या बाजूला चिकटवलेलं लेबल वाचावं. स्वस्त सप्लायवर इनपुटपुढे '२००-२४० व्होल्ट' छापलेलं असतं. व्होल्टेज १७० वर आलं की असा सप्लाय बंद पडू शकतो आणि खेळ मध्येच तुटतो. '१००-२४०' लिहिलेला सप्लाय तग धरतो. हजार रुपये जास्त गेले तरी तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. प्लेस्टेशन ५ आणि सिरीज एसची वायर दोन पिनांची असते, पीसीची तीन. घराच्या अर्थिंगमध्ये दोष असला तर पीसीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. अशा घरात आधी वायरमन बोलवावा, मग पीसी आणावा.

६०० व्हीएचा साधा यूपीएस पीसीला जेमतेम काही मिनिटं देतो. खेळ जतन करून यंत्र नीट बंद करायला तेवढी पुरतात. घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल आणि त्यावर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू करून यूपीएसचे ३,००० रुपये वाचवता येतात.

डेटा आणि डिस्क

रेड डेड रिडेम्प्शन २ ला पीसीवर १५० जीबी जागा लागते. रोज २ जीबीच्या मोबाइल प्लॅनवर तेवढं उतरवायला ७५ दिवस लागतील, आणि तोवर घरात कुणी व्हिडिओ बघायचा नाही. ४० एमबीपीएसच्या फायबरवर तेच काम आठ-साडेआठ तासांत होतं. ज्या घरात फायबर किंवा अमर्याद ५जी पोचलेलं नाही, तिथे डिस्कवाला प्लेस्टेशन हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. बहुतेक खेळांचा मोठा भाग डिस्कवरूनच चढतो.

दुरुस्ती

सोयाबीनची रास सुरू झाली की दारं-खिडक्या लावूनही घरात भुसा येतोच. पीसीचं झाकण उघडून ब्रश फिरवणं शाळकरी मुलालाही जमतं. रॅम किंवा सप्लाय गेला तर बिदर किंवा उदगीरच्या दुकानात नवा मिळतो आणि बाकीचं यंत्र तसंच राहतं. कन्सोलच्या आतला भाग बिघडला तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते. प्लेस्टेशनचा नुसता कंट्रोलर भारतात आला तेव्हाच ५,९९० रुपयांचा होता, आणि त्याच्या काड्या झिजतात.

पैसे वाचवायला ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घेऊन त्यात ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा मार्गही चांगला आहे. फक्त दोन गोष्टी बघाव्यात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आता विंडोज ११ लागतो, आणि त्यासाठी इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा नंतरचा हवा. आणि लहान कॅबिनेटमध्ये जास्त वीज ओढणारं कार्ड चालत नाही. जीटीएक्स १६५० सारखं ७५ वॉटचं, कमी उंचीचं कार्ड शोधावं.

मग घ्यायचं काय?

या सगळ्या आकड्यांत निर्णायक आकडा एकच आहे: घरात कॉम्प्युटर तसाही घ्यायचा होता का?

औराद-भालकीच्या मराठी घरांतली मुलं राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) खाली या भागाला मिळालेल्या राखीव जागांमुळे आज इंजिनिअरिंगकडे जास्त विश्वासाने बघतात. बिदरचं गुरु नानक देव इंजिनिअरिंग कॉलेज १९८० पासून आहे, भालकीचं भीमण्णा खंड्रे इन्स्टिट्यूट १९८२ पासून. अशा मुलाला पहिल्याच वर्षी कॉम्प्युटर लागतो, आणि साधा घेतला तरी ३५ हजार जातात. मग प्लेस्टेशनचे १,०४,१९० आणि हे ३५ हजार मिळून १,३९,१९० होतात. पीसी १,०२,७०० मध्ये दोन्ही कामं करतो. वाचतात ३६ हजारांहून जास्त. त्या घराने बिनधास्त पीसी घ्यावा, खेळण्याचा हट्टही पुरवावा आणि त्याच यंत्रावर कोडिंग शिकवावं.

ज्या घरात चालू लॅपटॉप आहे, टीव्ही आहे आणि चौघांनी मिळून संध्याकाळी क्रिकेट किंवा फुटबॉल खेळायचंय, तिथे सिरीज एसपेक्षा ३०-३५ हजार जास्त घालून पीसी घेण्याचं कारण नाही. फायबर असेल तर सिरीज एस, नसेल तर डिस्कवाला प्लेस्टेशन.

मुलाने मागितलं की कर्ज काढून सगळ्यात महागडं यंत्र आणायचं किंवा खेळ वाईट म्हणून एकदम नाही म्हणायचं, अशा दोन टोकांना घरं जातात. दोन्ही टाळता येतात. वीजबिल, इंटरनेटचा प्लॅन आणि कोटेशन मुलासमोर ठेवून ही बेरीज त्याच्याकडूनच करून घ्यावी. दहावीतलं पोर हे गणित सहज सोडवतं, आणि स्वतः सोडवलेल्या उत्तराला ते मान देतं.