जाळायचं, पण पेटू द्यायचं नाही

अमेरिकेतल्या घरगुती ओव्हनच्या दाराभोवती दोरीसारखी एक जाड कड असते. काचतंतूंची विणलेली, आत तारेची जाळी. उष्णता बाहेर पडू नये म्हणून लावलेली ही गॅस्केट. नीट पाहिलं, तर बऱ्याच मॉडेलांमध्ये ती चौकटीभर फिरत नाही. खालच्या बाजूला थोडी जागा मोकळी सोडलेली असते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, गॅस्केट आखूड पडली. कंपनीचा माणूस सांगतो, ती फट मुद्दाम ठेवली आहे. स्वतःची सफाई स्वतः करणाऱ्या ओव्हनचं निम्मं मर्म त्या फटीत आहे.

या ओव्हनची ख्याती तापमानाची. केक, पाव, बिस्किटं यांना १५० ते २३० अंश सेल्सिअस पुरतात. घरगुती ओव्हन फार तर २९० अंशांपर्यंत जातो. सफाईचं बटण दाबलं की हाच ओव्हन ४८० ते ५०० अंशांपर्यंत चढतो आणि तीन-चार तासांनी आत चिमूटभर राख ठेवून थांबतो. साबण नाही, पाणी नाही, घासणी नाही. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत उष्णतेची. पण लोखंडी पेटी ५०० अंशांपर्यंत तापवणं फार अवघड नाही. अवघड आहे ते आतल्या तुपातेलाला त्या तापमानात भडकू न देणं. हे काम हवेवरच्या ताब्याचं आहे, आणि या यंत्राची खरी हुशारी तिथेच आहे.

आधी मळाकडे पाहू. मांस भाजताना चरबीचे शिंतोडे उडतात आणि तापलेल्या भिंतींवर बसतात. तिथे उष्णता आणि प्राणवायू मिळून चरबीच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंतवतात. जवसाचं तेल वाळून लाकडावर जसं रोगण होतं, त्याच जातीची ही क्रिया. पहिल्या दिवशीचा ओशटपणा दुसऱ्या दिवशी चिकट होतो, महिन्याभरात तपकिरी आणि पुढे काळा, कडक थर. थँक्सगिव्हिंगला आख्खी टर्की भाजणाऱ्या देशात हे दुखणं घरोघरचं. उपाय होता कॉस्टिक सोड्याचा. हा सोडा चरबीचा साबण करतो, म्हणून थर सुटतो. पण तो हाताची कातडी आणि डोळेही सोडत नाही. हातमोजे घालून, गुडघ्यांवर बसून, डोकं ओव्हनमध्ये खुपसून करायचं हे काम बायकांच्या वाट्याला यायचं.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीतले अभियंते बोहदान हुर्को यांनी या कटकटीवर घासण्याऐवजी जाळण्याचा उपाय शोधला. घरगुती ओव्हनमध्ये उष्णतेने सफाई करण्याच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट फेब्रुवारी १९६४ मध्ये मिळालं. त्याआधीच, १९६३ मध्ये, कंपनीने ‘पी-७’ या नावाने हा ओव्हन बाजारात आणला होता. हुर्कोंना एक व्यावहारिक अडचण सोडवावी लागली. ओव्हनची उष्णता सगळ्यात जास्त निसटते ती दाराच्या कडेने. आतली मागची भिंत ५०० अंशांवर गेली तरी तोंडाशी मात्र तापमान कमी राहायचं आणि तिथला मळ तसाच चिकटून बसायचा. म्हणून ओव्हनच्या तोंडाभोवती तापतारेचं वेगळं वेटोळं बसवलं गेलं. सगळा डबा सारखा तापला, तरच सगळीकडची सफाई होणार.

तापमान चढतं तसं आत काय घडतं? २०० अंशांच्या पुढे चरबी धुरावते. तेल करपलं की डोळ्यांना झोंबणारा जो उग्र वास येतो, तो अ‍ॅक्रोलीन या वायूचा. तो इथेही निघतो. आणखी वर गेलं की मोठे रेणू तुटत जातात, त्यांचे वायू होतात आणि मागे उरतो कोळसा. ४५० अंशांच्या पुढे हा कोळसाही प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. उष्णतेने पदार्थाचं असं विघटन होण्याला पायरोलिसिस म्हणतात. म्हणूनच युरोपात आणि आपल्या दुकानांत हे ओव्हन ‘पायरोलिटिक’ नावाने विकले जातात. राखेत उरतं ते फक्त न जळणारं: मीठ, कॅल्शियम, मसाल्यांमधली खनिजं. ओल्या फडक्याने एकदा पुसलं की झालं.

आता हवेचा हिशेब. अमेरिकेतला मोठा ओव्हन साधारण १४० लिटरचा. त्यातल्या हवेचा पाचवा हिस्सा प्राणवायू, म्हणजे वजनात जेमतेम ३८-४० ग्रॅम. पण हवा तापली की फुगते. खोलीच्या तापमानावरून ४८० अंशांपर्यंत जाताना ती अडीच पट होते आणि शंभरातले साठ भाग बाहेर ढकलले जातात. उरलेल्या प्राणवायूत किती चरबी पूर्ण जळेल? सुमारे पाच ग्रॅम. चहाच्या चमच्याने चमचाभर तूप. भिंतींवर मात्र त्याहून कितीतरी जास्त चिकटलेलं असतं. म्हणजे डबा ठार बंद केला तर काम अर्धवट राहील, भिंतींवर कोळशाचा थर बसेल. आणि हवा मोकळी सोडली तर? साधारण ३५० ते ४०० अंशांच्या दरम्यान तेलाच्या वाफा ठिणगीशिवायही पेट घेतात. ओव्हन तर त्याच्याही वर जाणार.

कोकणात कातकरी कोळशाची भट्टी लावतात, तिथे हाच तोल सांभाळलेला दिसतो. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, हवेला जेवढ्यास तेवढी वाट ठेवायची. भोक मोठं झालं तर लाकडाची राख, बुजलं तर भट्टी विझते. ओव्हनला मात्र राखच हवी आहे, तीही ज्वाळेशिवाय. म्हणून दाराच्या खालच्या फटीतून बाहेरची हवा बारीक धारेने आत येते, तापून वर चढते, मळाला प्राणवायू पुरवते आणि वरच्या धुराड्यातून बाहेर जाते. हवा तापून हलकी होते एवढ्याच तत्त्वावर हा प्रवाह चालतो. फट किती, धुराड्याचं भोक केवढं, यावर सगळी मदार असते. तापमानही एकदम चढवत नाहीत. सावकाश नेलं तर धूर टप्प्याटप्प्याने निघतो; घाई केली तर एकदम ढगासारखा उठतो आणि पेटण्याइतका दाट होतो.

धुराड्याच्या वाटेत बऱ्याच मॉडेलांमध्ये आणखी एक पहारेकरी असतो: प्लॅटिनम किंवा पॅलेडियमचा पातळ लेप दिलेली जाळी. गरम धूर तिच्यावरून गेला की त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले वायू ज्वाळेशिवाय जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होतात. मोटारींच्या धुराड्यांत पुढे जो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्याचं तत्त्वही हेच. तरीही सगळा धूर काही ही जाळी गिळत नाही. खिडक्या उघडा, चिमणी लावा, असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं ते उगाच नाही.

हा झाला आतला वारा. दुसरा वारा बाहेरून वाहतो आणि त्याचा आतल्या हवेशी संबंध नाही. आत ५०० अंश आणि बाहेर हात लावता येईल असं दार, ही किमया त्याची. भिंतींभोवती काचलोकरीचा जाड थर असतो, दाराला तीन किंवा चार काचा असतात. काचांच्या मधल्या फटींत खालून खोलीची हवा शिरते, काचेची उष्णता उचलते आणि वरून निघून जाते. भिंतीत बसवलेल्या ओव्हनमध्ये वरच्या अंगाला पंखाही असतो. तो बटणं, सर्किट बोर्ड आणि वायरी थंड ठेवतो. सफाई संपल्यावरही हा पंखा बराच वेळ घरघरत राहतो. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. मधेच वीज बंद करून त्याला गप्प करू नये.

दाराचं कुलूप हा तिसरा बंदोबस्त. आत सुमारे ३०० अंशांच्या वर पारा असेपर्यंत दार उघडत नाही. हात भाजेल हे एक कारण, पण मोठं कारण वेगळं. आत प्राणवायूला आसुसलेले गरम वायू भरलेले असतात. दार उघडलं की खोलीची हवा भसकन आत शिरते आणि ते पेटतात. चुकून आत ज्वाळा दिसली तरी दार ओढायचं नाही. ओव्हन बंद करायचा आणि वाट पाहायची. हवा मिळाली नाही की आग आपोआप मरते.

हे सगळं सोसणारी आतली भिंत म्हणजे पोलादावर वितळवून चढवलेली काच, अर्थात इनॅमल. ते ८०० अंशांच्या आसपास भाजून पक्कं केलेलं असतं, म्हणून ५०० अंशांत त्याला काही होत नाही. मात्र आतल्या चकचकीत जाळ्या आधी बाहेर काढाव्या लागतात, नाहीतर त्यांची चमक जाते आणि त्या सरकेनाशा होतात. तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरायची सवय असेल तर ती मोडावी. तो इनॅमलला कायमचा चिकटू शकतो. गॅस्केट कधीही घासायची नाही. सफाईपूर्वी साचलेलं तेल आणि अन्नाचे मोठे तुकडे हाताने पुसून घ्यायचे. कारण चमचाभर चरबीचा हिशेब आपण वर पाहिलाच.

उणिवाही मोठ्या आहेत. रोजच्या स्वयंपाकात कधीच न लागणारं तापमान तासन्‌तास सोसताना एखादा थर्मल फ्यूज उडतो, कधी कुलूप अडकतं, कधी सर्किट बोर्ड मान टाकतं. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी हे बटण दाबू नका, असं अमेरिकेतले दुरुस्तीवाले सांगतात. पाळीव पक्ष्यांना तर या धुराने जिवाचा धोका असतो; त्यांची फुप्फुसं फार नाजूक. पोपटाचा पिंजरा आधी दूरच्या, हवेशीर खोलीत हलवायचा. विजेचं गणित मात्र एकतर्फी नाही. सफाईला बरीच युनिटं जातात, पण तिच्यासाठी भिंतीत घातलेली जादा काचलोकर रोजच्या भाजण्यात वीज वाचवते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा की महिन्यातून एकदापेक्षा जास्त सफाई केलीत, तर वाचवलेली वीज त्यातच जाईल.

अमेरिकेत भाड्याच्या घरात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा ओव्हन आयता मिळतो आणि बरेचदा त्याचं कपाट होतं. कढया, तवे, पोळपाट सगळं आत. पाहुण्यांपैकी कुणी उत्साहाने सफाईचं बटण दाबलं, तर बेकेलाइटच्या मुठी करपतात आणि नॉनस्टिकच्या लेपातून विषारी वाफा निघतात. बटणाला हात लावण्याआधी आत डोकावणं ही पहिली पायरी. बिडाच्या तव्यावरचे वर्षानुवर्षांचे थर काढायला तिथे काही जण तो मुद्दाम आत ठेवतात. तवा नव्यासारखा निघतो खरा, पण कंपन्या याची शिफारस करत नाहीत. बीड तडकू शकतं, आणि तव्यावरची सगळी चरबी धूर होऊन घरात येते.

भारतात मॉड्युलर किचनच्या दुकानांत पायरोलिटिक ओव्हन मिळतात, किंमत चढी. त्यांच्या शेजारी ‘सेल्फ-क्लीन’ म्हणून आणखी दोन प्रकार उभे असतात. एकात भिंतींवर खरखरीत लेप असतो. नेहमी भाजतानाच, साधारण २०० अंशांना, तो शिंतोडे पचवत राहतो. हा लेप साबणाने घासला की वाया जातो, आणि सांडलेला पाक किंवा दूध त्याच्या आवाक्याबाहेरचं. दुसऱ्यात तळाला पाणी ओतून वाफ करतात. मळ मऊ होतो, पुसायचं आपणच. ताजा डाग निघतो, जुना कोळसा हटत नाही. घरात केक, नानकटाई आणि अधूनमधून भाजलेल्या भाज्या एवढाच ओव्हनचा उपयोग असेल, तर वाफेचा ओव्हन आणि ओलं फडकं पुरेसं आहे. जास्तीचे पैसे घालवू नयेत. दर रविवारी तंदुरी कोंबडी नाहीतर मासे भाजले जात असतील, तर मात्र पायरोलिटिक ओव्हन आपली किंमत वसूल करून देतो. साध्या ओटीजीला यातलं काहीच नसतं. त्याला जास्त तापवून साफ करायचा प्रयोग कुणी करू नये.

दुकानात गेलात की पाटीवरच्या ‘सेल्फ-क्लीन’ या शब्दांवर विसंबू नका. विक्रेत्याला विचारा: सफाईच्या वेळी दाराला आपोआप कुलूप लागतं का? नसेल लागत, तर तो पायरोलिटिक नाही, आणि त्या ओव्हनसाठी पायरोलिटिकची किंमत मोजण्याचं काही कारण नाही.