‘क्लेम’ म्हणजे हाक : हक्क मागायचा नाही, सांगायचा

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ‘क्लेम’ हा शब्द गावोगावी रुळला आहे. पीक विम्याचा क्लेम, गाडीच्या अपघाताचा क्लेम, दवाखान्याच्या बिलाचा क्लेम. त्यामुळे क्लेम म्हणजे फॉर्म भरून मिळणारे पैसे, एवढाच अर्थ डोक्यात बसतो. पण कायद्याच्या पुस्तकात आणि कोर्टाच्या कागदात हा शब्द फार मोठा आहे. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी तो मुळापासून समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

मूळ अर्थ

‘क्लेम’ लॅटिन ‘क्लामारे’पासून आला. त्याचा अर्थ ओरडणे, मोठ्याने हाक मारणे. जुन्या फ्रेंचमधून तो 1300 च्या सुमारास इंग्रजीत आला. जाहीर करणे या अर्थाचा ‘प्रोक्लेम’ त्याच कुळातला.

आपले शब्दही तेच सांगतात. ‘दावा’ अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. त्याच्या धातूचा अर्थ हाक मारणे, बोलावणे. ‘फिर्याद’ फारसी आहे. तिचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. आणि ‘हक्क’ हा अरबी शब्द, त्याचा मूळ अर्थ सत्य. म्हणजे हक्क सांगणे हे एका अर्थी खरे बोलणेच आहे.

आता आपल्या पूर्वजांकडे पाहू. गावकीत महाराने गावाचा निरोप पोचवायचा, मयताचा सांगावा परगावी न्यायचा. आवाज होता, पण तो गावाच्या कामाला जुंपलेला. स्वतःचे गाऱ्हाणे सांगायला तो नव्हता. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव उगाच दिले नव्हते.

विनंती, मागणी आणि दावा

या तिन्हींत फरक आहे. विनंतीत समोरच्याच्या मर्जीवर सोडलेले असते. मागणीत जोर असतो, पण ती नव्या गोष्टीचीही असू शकते. दावा मात्र जे आधीच आपले आहे त्यावर असतो. शिष्यवृत्ती, रेशन किंवा ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याची नोंद यांसाठी आपण ‘मेहेरबान साहेब, कृपा व्हावी’ असे अर्ज लिहितो, तेव्हा आपणच दाव्याची विनंती करून टाकतो.

पण नुसती हाक पुरत नाही. तिला पुरावा लागतो. महाडचे उदाहरण घ्या. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर कोर्टात दावा कोणी लावला? सवर्णांनी. त्याच वर्षी 12 डिसेंबरला त्यांनी तळे खासगी असल्याचा दावा दाखल केला आणि 14 डिसेंबरला मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी हुकूम पाळला, पण खटला सोडला नाही. कागद, साक्षी, युक्तिवाद दहा वर्षे चालले. शेवटी 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. अनादी काळापासूनची रूढी म्हणून जे सांगितले जात होते, ते दावेदारांना सिद्धच करता आले नाही. हाक दोन्ही बाजूंनी मारली होती. टिकली ती शेवटपर्यंत उभी राहिलेली.

हाक मध्येच तुटते तेव्हा

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट पुस्तकातली नाही. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी आपल्या समाजातील 17 वर्षांच्या मुलाची हत्या झाली. महाराष्ट्रभर आवाज उठला. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. मोर्चे निघाले, पण साक्षीच्या पिंजऱ्यात आवाज राहिला नाही. साक्षीदाराला दोष देणे सोपे आहे. त्याला त्याच गावात राहायचे असते, त्याच रानात कामाला जायचे असते. त्या तीन वर्षांत त्याच्या दारात आपण किती वेळा गेलो, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारतो.

कायद्याने सोय ठेवली आहे. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 4 नुसार तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सहीआधी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत देणे ही अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. कलम 18अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. 2016 पासून लागू झालेल्या कलम 15अ नुसार पीडित, त्याचे कुटुंब आणि साक्षीदार यांच्या संरक्षणाची जबाबदारी शासनाची आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे आणि तिथे आपले म्हणणे मांडणे हा पीडिताचा हक्क आहे. साक्षीदाराला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्चही मिळतो.

म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक शाखेने एवढे करावे. फिर्याद देताना सोबत जावे आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नये. प्रत जपून ठेवावी. तारखांची वही ठेवावी. प्रत्येक तारखेला किमान दोघांनी कोर्टात हजर राहावे. साक्षीदाराला धमकी आली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्यावा. हे काम फोटोत दिसत नाही, पण खटला त्यावरच टिकतो.

पाली साहित्यात भगवंतांच्या निर्भय घोषणेला सिंहनाद म्हटले आहे. सभेत उभे राहून केलेली आणि कोणी प्रश्न विचारला तरी मागे न घेतलेली ती घोषणा. आपला दावाही तसाच असावा. एकदा हाक दिली की निकालाच्या दिवसापर्यंत ती खाली पडू द्यायची नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!