‘शेफील्ड’ कशामुळे बुडाली?
ब्रिटिश विनाशिका ‘एचएमएस शेफील्ड’ ॲल्युमिनियमच्या बांधणीमुळे जळाली, हा समज अजून टिकून आहे. तो चुकीचा आहे. तिचा वरचा भागही पोलादीच होता. ॲल्युमिनियम होते ते टाइप २१ फ्रिगेटांवर. खरे कारण आराखड्यातल्या काटकसरीत शोधायला हवे. टाइप ४२ वर्गातली ही पहिली नौका १९७५ मध्ये सेवेत आली. खर्चापायी लांबी आखडती घेतली गेली आणि हवाई संरक्षणाची सारी भिस्त सी डार्ट क्षेपणास्त्रावर राहिली, जे मुख्यतः उंचावरच्या विमानांसाठी घडवलेले होते. पाण्यालगत येणारा मारा अगदी जवळ आल्यावर थोपवणारी यंत्रणा तिच्यावर नव्हतीच. ४ मे १९८२ रोजी, फॉकलंड युद्धात, अर्जेंटिनाच्या विमानाने डागलेले एक्झोसे क्षेपणास्त्र तिच्यावर आदळले; आग विझवण्याच्या पाण्याची मुख्य वाहिनीच फुटली. २० जण मृत्युमुखी पडले आणि १० मे रोजी ओढून नेताना नौका बुडाली.

दोष आराखड्याचा नव्हे, नौकेवरच्या गाफीलपणाचा, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे: इशारा वेळेत ओळखला गेला नाही, क्षेपणास्त्राला चकवणारे धातूचे कणही सोडले गेले नाहीत. पण माणसे चुकणार हे गृहीत धरूनच युद्धनौका आखायची असते. युद्धानंतर या वर्गाच्या नौकांवर जवळ आलेला मारा थोपवणाऱ्या फॅलँक्स तोफा बसवल्या गेल्या, ही त्या उणिवेची कबुलीच होय.