एकाच दिशेनं चालणारा केस

गव्हाची ओंबी देठ वर करून सदऱ्याच्या बाहीत सोडली आणि हात हलवत चार पावलं चाललं, की ती आपली आपण चढत थेट काखेपर्यंत येते. रानात वाढलेल्या आमच्या पिढीनं हा खेळ एकमेकांवर पुष्कळ खेळलाय, आणि कुसळांचे दाते एकाच बाजूला कललेले असतात म्हणून तिला पुढंच सरकता येतं, मागं फिरता येत नाही, हे गुपित शाळेत कुणी न सांगताच आम्हाला ठाऊक होतं. तेच गुपित केसाच्याही अंगी आहे. खोटं वाटत असेल तर एक लांब केस चिमटीत धरा आणि अंगठा-तर्जनी त्याच्या लांबीनं मागं-पुढं चोळत राहा. केस मुळाकडचं टोक पुढं करून चालू लागतो. फिरवून धरा, तर उलट्या बाजूला चालतो.

मी हल्ली मुलाकडे बंगळुरूच्या व्हाइटफील्डला असतो. अँग्लो-इंडियन कुटुंबांनी शेती करावी म्हणून म्हैसूरच्या महाराजांनी १८८२ साली दिलेल्या जमिनीवर हे गाव वसलं. आता शेताच्या जागी काचेच्या इमारती आहेत, पण दिवे गेले की सोसायटीतल्या मराठी घरांतली पोरं गोष्टीला जमतात, तेवढं गावपण उरलंय. डिसेंबरात त्यांतल्या एकीचा लोकरीचा स्वेटर गरम पाण्यातून मशीनमध्ये फिरून निघाला तो तिच्या धाकट्या भावालाही होईना, आणि पोरगी विचारू लागली की आजोबा, उरलेला स्वेटर गेला कुठं?

कुठंच गेला नाही, बाळा. मेंढीच्या केसावर मुळापासून टोकापर्यंत एकावर एक चढलेले बारीक खवले असतात. गरम पाणी आणि साबण लागला की केस फुगतो, खवल्यांच्या कडा उचलतात, आणि घुसळायला लागलं की प्रत्येक केस मुळाच्या बाजूनं शेजाऱ्यांत शिरतो; परतीची वाट बंद, म्हणून सगळे एकमेकांत घट्ट बसतात आणि कापड आटतं. स्वेटरचं नुकसान झालं खरं, पण हेच मुद्दाम करायला माणूस फार पूर्वी शिकला. सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझीरिक म्हणून ठिकाण आहे, तिथल्या बर्फानं गोठलेल्या थडग्यांत सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे, अशा दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, म्हणजे नमद्याचे पडदे निघाले, आणि नमद्याचेच हंससुद्धा!

तिकडे कशाला जायचं? कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला या. धनगरांनी दख्खनी मेंढ्यांची काळी लोकर कातरायची आणि पिंजाऱ्यांनी तिचं जेन, म्हणजे नमदाच, करायचं, अशी तिथली जुनी रीत. ना माग, ना सूत. लोकर पिंजून मोकळी करायची, सारखी पसरायची, पाणी शिंपडून गुंडाळी करायची, आणि मग हातांनी, पायांनी ती दाबत, लाटत राहायचं. उलगडायची, साबण लावायचा, पुन्हा लाटायची. अंगमेहनत अशी की बघणाऱ्याला घाम यावा. शेवटी जे उरतं ते बसायला, निजायला, घोड्याच्या खोगिराखाली घालायला वर्षानुवर्षं चालतं.

ही कथा ऐकून दुसऱ्या एका पोरानं आईची शाल आणली, पेरू देशातून आलेली, अल्पाकाच्या लोकरीची, आणि हिचंही तसंच होईल का, असं विचारलं. अल्पाका म्हणजे उंटाच्या कुळातलं ठेंगणं जनावर. या कुळाचे पूर्वज उत्तर अमेरिकेतले. काही आशियात उतरले ते उंट झाले, काही दक्षिणेला अँडीज डोंगरात गेले, आणि तिथल्या विकुन्या नावाच्या रानटी जनावरापासून माणसानं सहा-सात हजार वर्षांपूर्वी अल्पाका घडवला. जनावर मोठं शिस्तीचं: अख्खा कळप एकाच ठरल्या जागी लेंड्या टाकतो, वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यानं गवत मुळासकट न उपटता खुडून खातो, आणि साडेअकरा महिन्यांच्या आसपास पोट वागवून मादी बहुतेक दिवसाउजेडीच विते, कारण त्या उंचीवर रात्रीच्या थंडीत ओलं पिल्लू तगणं अवघड. अल्पाकाच्या केसावरचे खवले पातळ आणि चपटे, म्हणून तो हाताला इतका मऊ लागतो. पण चालतो तोही मुळाकडूनच, फक्त सावकाश. लाटणाऱ्यानं धीर धरला तर अल्पाकाचाही नमदा होतो.

आमच्या आजोबांच्या काळात वकील मंडळी अल्पाकाचा काळा कोट घालून मिरवत. पण या लोकरीला एके काळी कुणी विचारत नव्हतं. लिव्हरपूलच्या वखारीत तिची पोती पडून होती. १८३६ च्या सुमारास ब्रॅडफर्डच्या टायटस सॉल्टनं ती उचलली, सुती ताण्यात अल्पाकाचा बाणा घालायची युक्ती साधली, आणि त्यावर इतका मोठा झाला की १८५३ साली सॉल्टेअरला भली थोरली गिरणी उघडली.

आज दख्खनी मेंढीची लोकर अशीच पडून आहे, याचं मला फार वाईट वाटतं. जाडीभरडी, पुष्कळ केस आतून पोकळ, रंग नीट धरत नाही, म्हणून गिरण्या घेत नाहीत. कातरणीची मजुरीही सुटेना म्हणून धनगर ती बांधावर टाकून देतो. आणि हीच लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेऊनही ओलसर लागत नाही, उलट ओल शोषताना थोडी ऊब सोडते! मृगाच्या पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागं उभा राहिलेला माणूस या लोकरीच्याच जिवावर उभा असतो.

बंगळुरूकडचे कुरुब मेंढपाळ ज्याला बीरप्पा म्हणतात, त्या धनगरांच्या बिरदेवाची यात्रा पट्टणकोडोलीला ऑक्टोबराच्या सुमारास भरते, आणि भंडाऱ्याबरोबर तिथं लोकरही उधळतात. यंदा पोरांना घेऊन जायचं ठरलंय. जेन लाटणारी घरं आता मोजकी राहिलीत, तेव्हा आधी निरोप धाडून एक करायला सांगायचं, आणि पोरांनाही बाह्या सारून बसवायचं.