रक्त येत नाही म्हणजे हिरड्या ठणठणीत नव्हेत

महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये तव्यावर तंबाखू भाजून मशेरी करायची सवय अजून गेलेली नाही. अनेक बायकांना ती लावल्याशिवाय सकाळ झाल्यासारखे वाटत नाही. ‘मशेरीने दात घट्ट राहतात, दुखायचे थांबतात,’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. दुखणे घटकाभर थांबल्यासारखे वाटते खरे, पण फसगत तिथेच होते.

हिरड्यांचा आजार मुळात फारसा दुखतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालातील अंदाजानुसार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना तो तीव्र स्वरूपात आहे. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा चिकट थर साचतो. तो रोज निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांत टणक होतो. हेच किटण. मग हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते. इथवर आजार पूर्ण बरा होतो. सूज खालच्या हाडापर्यंत गेली, की हाड झिजते आणि दात हलू लागतो. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते, त्यामुळे रक्त येण्याची पहिली खूणही कमी दिसू शकते. शिवाय मशेरीमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, तो वेगळाच.

रक्त दिसले की अनेक जण ब्रशच बंद करतात. नेमके उलट करावे. मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेला हलक्या हाताने, दिवसातून दोनदा, त्यात रात्री झोपताना एकदा नक्की. टणक किटण मात्र ब्रशने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. ‘सफाईने दात सैल होतात’ हा समज चुकीचा. दात आधीच सैल असतो, किटणाने तो धरून ठेवलेला असतो इतकेच.

औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून भागत नाही, कारण किटण जागेवरच राहते. क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या उपयोगी आहेत, पण डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त वापरल्यास दातांवर डाग पडतात. मधुमेह असेल, तर साखर आणि हिरड्या दोन्ही सांभाळाव्या लागतात, कारण एक बिघडले की दुसरेही बिघडते. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात. तेव्हा तपासणी बाळंतपणानंतरवर ढकलू नये.

मशेरी सोडणे सोपे नाही, ते व्यसन आहे. मदतीसाठी १८००-११२-३५६ हा तंबाखूमुक्तीचा टोल फ्री क्रमांक आहे.