उणे चाळीसमधला संसार

अलास्कातल्या फेअरबँक्स शहरातून बाहेर पडून डोंगरांच्या बाजूला गाडी वळवली, की थोड्याच वेळात विजेचे खांब विरळ होतात आणि मग संपतात. पुढे बर्च आणि स्प्रूसच्या जंगलात कच्चे रस्ते शिरतात आणि त्या रस्त्यांच्या टोकाला माणसं राहतात. नवरा-बायको, दोन-तीन मुलं, कुत्री. तारेवरची वीज नाही, नळ नाही. कडाक्याच्या दिवसांत तापमान उणे चाळीसला टेकतं. या आकड्यावर सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात आणि त्याच्या किंचित आधीच खरा पारा गोठलेला असतो.

आपल्याला या आयुष्याची ओळख होते ती टीव्हीवरच्या मालिकांतून. त्यांत अस्वलं आणि हिमवादळं फार. प्रत्यक्षात या कुटुंबांचं वर्ष जातं ते लाकूड, पाणी आणि उजेड यांचा हिशेब सांभाळण्यात. मला तर हा हिशेब अस्वलांपेक्षा कितीतरी वेधक वाटतो.

मुळात ही माणसं इथे आली कशी? १८६२ साली अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीवर घर बांधायचं, पाच वर्षं राहून ती कसायची, की १६० एकरांपर्यंत जमीन आपल्या नावावर. १८९८ मध्ये हा कायदा अलास्काला लागू झाला. १९७६ साली तो रद्द झाला, पण अलास्काला आणखी दहा वर्षांची सवलत मिळाली. त्याखाली जमिनीचा कागद हाती पडलेला शेवटचा माणूस म्हणजे नैऋत्य अलास्कातल्या स्टोनी नदीकाठचा केनेथ डिअरडॉर्फ, साल १९८८. एवढ्या अवाढव्य राज्यात या मार्गाने खासगी झालेली जमीन एक टक्काही भरत नाही. ती रिकामी होती असंही नाही. अथाबास्कन लोक हजारो वर्षं या नद्यांकाठी राहत आले आहेत. मासे चिरून धुरावर वाळवणं, जनावरांपासून वाचवण्यासाठी उंच खांबांवर कोठार बांधणं, हे सगळं नव्याने आलेल्यांच्या कितीतरी आधीपासून इथे चालत होतं. होमस्टेडच्या कौतुकात ही गोष्ट हटकून गाळली जाते, म्हणून ती आवर्जून सांगतो.

कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी होते, तशी इथली बेगमी बर्फ वितळायच्या आधीच सुरू होते. लाकूड मोजण्याचं माप म्हणजे कॉर्ड: आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. घर लहान आणि नीट बंदिस्त असलं, तरी एका हिवाळ्यात अशा कित्येक राशी जळतात. बर्चचं लाकूड जड, छान धगधगणारं. पण त्याची पांढरी साल जलाभेद्य असते, त्यामुळे आतली ओल बाहेर पडत नाही आणि न फोडलेला ओंडका उन्हाळाभर पडून राहिला तर आतून कुजतो. म्हणून झाड पाडलं की ते लवकर कापायचं, फोडायचं आणि वारा खेळेल असं रचायचं. फोडायला सर्वांत सोपं ते गोठलेलं असताना. कडाक्याच्या थंडीत कुऱ्हाडीच्या एकाच घावात ओंडका दुभंगतो. तीच साल सोलून ठेवली, तर ओल्या दिवसांतही काडी लावताच पेट घेते. रास रचणं हे बहुतेक घरांत मुलांचं काम.

ओलं लाकूड जाळणं इथे नुसतं त्रासाचं नाही, जिवावरचं आहे. ते मंद जळतं, धूर गार राहतो आणि धुरांड्याच्या आतल्या बाजूला डांबरासारखा थर बसतो. एखाद्या रात्री तोच थर पेटतो. उणे चाळीसमध्ये घर जळालं तर उघड्यावर उभं राहायचीही सोय नसते. म्हणून लांब दांड्याचा ब्रश धुरांड्यातून फिरवणं हे घरकाम कुणी पुढे ढकलत नाही. मध्यरात्री कुणीतरी उठतं, स्टोव्हचं दार उघडतं, निखारे पुढे ओढतं, मागे दोन ओंडके सारतं, हवेची झडप बेताने फिरवतं आणि परत झोपतं. त्या घरात वाढलेलं बारा वर्षांचं मूल ही पाळी डोळे न चोळता निभावतं.

नळ नसलेल्या घराला तिकडे ‘ड्राय केबिन’ म्हणतात. फेअरबँक्सच्या विद्यापीठातले कित्येक विद्यार्थीही अशाच घरांत भाड्याने राहतात. शहराच्या उत्तरेला फॉक्स इथे सार्वजनिक झरा आहे. तिथून लोक पाणी भरून नेतात. पाच गॅलनचा कॅन, म्हणजे सुमारे १९ लिटर. तो गाडीतून उचलून, बर्फातल्या पायवाटेने घरात आणायचा. मोरीत ओतलेलं पाणी खालच्या बादलीत जमतं आणि ती बादली वेळेवर बाहेर नेली नाही, तर जमिनीवर थारोळं. अंघोळ आणि कपडे आठवड्यातून एकदा, शहरातल्या लाँड्रीत. संडास बाहेर, खड्ड्यावरचा. त्याच्या बैठकीला घरांच्या भिंतीत घालतात तो जाड फोम कापून बसवलेला असतो, कारण फोम अंगाची ऊब ओढून घेत नाही. थंडी कितीही असो, त्यावर निर्धास्त बसता येतं. गृहशास्त्रातली इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी युक्ती मला दुसरी माहीत नाही.

विजेचं गाऱ्हाणं वेगळं. २१ डिसेंबरला फेअरबँक्समध्ये दिवस पावणेचार तासांचाही नसतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो. सौर पॅनेल तेव्हा नावापुरते. बर्फ साचू नये आणि खाली उतरलेलं ऊन गाठता यावं, म्हणून ते जवळजवळ उभेच बसवतात. मार्चमध्ये जमिनीवरच्या बर्फाची चकाकीही त्यांच्या कामी येते. लिथियमच्या बॅटऱ्या शून्याखाली चार्ज केल्या तर बिघडतात, म्हणून त्या घराच्या उबेत ठेवाव्या लागतात. मधले दोन-तीन महिने जनरेटर. तोच गाडीच्या इंजिनाचा हीटरही चालवतो, एरवी ती सुरूच होत नाही. म्हणजे पेट्रोलपंपाशी नातं तुटलेलं नसतं आणि ते तुटलंय असा आव आणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

जूनमध्ये याच्या उलट. जवळजवळ बावीस तास सूर्य. सुतारकाम, छप्पर, कुंपण, सगळं या दिवसांत उरकायचं. जमिनीखाली ठिकठिकाणी कायम गोठलेली माती असते. वर ऊबदार घर बांधलं की ती वितळते आणि घर एका अंगाला कलतं. म्हणून जाणते लोक दक्षिण उताराची जागा शोधतात, नाहीतर घर खांबांवर उचलून घेतात आणि दर काही वर्षांनी जॅक लावून समतल करतात.

भाजी या उजेडात झपाट्याने वाढते. दक्षिणेकडच्या पामर गावी भरणाऱ्या राज्याच्या जत्रेत २०१२ साली आलेला कोबी ६२ किलोंहून जड होता. शरदात एक मूस हरीण मिळालं तर कुटुंबाच्या वर्षभराच्या मांसाची सोय होते. मासळीचं मात्र बिनसलं आहे. युकॉन नदीतला किंग सॅमन इतका घटला, की २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी त्याच्या मासेमारीवर सात वर्षांची बंदी घातली. त्याची सर्वांत मोठी झळ नदीकाठच्या अथाबास्कन गावांना बसली.

मुलांच्या शाळेचा प्रश्न इथे फार जुना. अलास्का राज्य होण्याच्या वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, इथे टपालाने शिक्षण सुरू झालं. आता कित्येक घरांवर उपग्रहाच्या इंटरनेटची थाळी असते. तरीही नॉर्थ पोल गावच्या केजेएनपी रेडिओने दुर्गम घरांसाठी निरोप वाचून दाखवण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालवली. बाळ झालं, विमान उद्या येतंय, वाढदिवसाच्या शुभेच्छा. एकाचा निरोप सगळ्या जंगलाला ऐकू जायचा.

असा संसार स्वतः मांडायचं कुणाच्या मनात असेल, तर एवढंच सांगतो: जमीन आता फुकट नाही, ती विकत घ्यावी लागते. ती घेण्याआधी मुलाबाळांसकट एक अख्खा जानेवारी भाड्याच्या ड्राय केबिनमध्ये काढा आणि निर्णय फेब्रुवारीत घ्या.