डोंगर चढा, पण सिकलसेलचा निकाल पाहून

पावसाळा सरला, धान कापणीला आले की गोंदिया जिल्ह्यात सहलींचे दिवस सुरू होतात. विहारातील तरुण, महिला मंडळे, शाळेची मुले हाजरा फॉल, कचारगड, प्रतापगड या ठिकाणी निघतात. शेजारच्या डोंगरगडला प्रज्ञागिरीच्या टेकडीवरील बुद्धमूर्तीच्या दर्शनासाठीही आपल्या भागातून पुष्कळ लोक जातात. चालणे आणि चढणे हा बिनखर्चाचा व्यायाम आहे. त्याने रक्तदाब व साखर आटोक्यात राहायला मदत होते, दम वाढतो, मनाचा शीण जातो. म्हणून या वाटा जरूर चालाव्यात. मात्र पूर्व विदर्भातल्या माणसाने चढाला लागण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा : माझी सिकलसेलची तपासणी झाली आहे का?

हा आजार आपल्याकडेच जास्त का?

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. बौद्ध समाजात, गोंड व इतर आदिवासी समाजांत तो विशेष आढळतो. याचे कारण जंगल आणि मलेरिया यांत आहे. सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या मुलाला मलेरिया झाला तरी त्याचे जीवघेणे रूप सहसा होत नाही. अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा जनुक असलेली मुले जास्त जगली आणि जनुक टिकून राहिला. म्हणजे हा कोणत्याही जातीचा कलंक नाही, आणि पूर्वजन्मीच्या पापाचे फळ तर मुळीच नाही. तो लपवण्यात तोटाच आहे.

वाहक आणि रुग्ण

आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हा जनुक आला, तर ती व्यक्ती वाहक असते. तिच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलेले असते. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही, त्यामुळे अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. दोघांकडून जनुक आला तर ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. रुग्णाला वरचेवर अंगदुखी, सांधेदुखी, कावीळ, रक्त कमी होणे असे त्रास होतात. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ होण्याची शक्यता २५ टक्के असते.

चढावर शरीरात काय घडते?

‘एसएस’ रुग्णाच्या रक्तातील लाल पेशींनी प्राणवायू सोडला की त्या विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा थांबतो. यातूनच ती असह्य वेदना उठते. चढावर स्नायू जास्त प्राणवायू ओढून घेतात, घामाने शरीरातले पाणी जाते, रक्त घट्ट होते, आणि पेशी वाकड्या होण्याला हे सारे पोषक ठरते. शिवाय सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती कमी होते. थोड्या प्रमाणात हे वाहकांतही घडते. त्यामुळे इतरांपेक्षा त्यांचे अंग लवकर सुकते. थंडीनेही रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून घामाघूम अंगाने एकदम धबधब्याच्या गार पाण्यात उतरणे रुग्णाला महागात पडू शकते.

हिमालयातील अडीच-तीन हजार मीटरवर हवा विरळ असते आणि तिथे क्वचित वाहकाच्या प्लीहेलाही इजा होते. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावचे डोंगर त्या उंचीच्या जवळपासही पोचत नाहीत. आपल्याकडे धोका ऊन, तहान आणि घाई यांचा आहे. या तिन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

वाहकांनी घाबरू नये

अमेरिकेच्या सैन्यातील नवख्या जवानांचा एक अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. कठोर कवायतीत अचानक दगावण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय वाहकांत इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळले. पुढे सैन्यात पाणी, विश्रांती आणि उन्हाळ्यातील कवायतीचे नियम सर्वांसाठी लागू झाले. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास आला, तेव्हा वाहकांतील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले दिसले नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका मात्र त्यांच्यात दीडपटीहून थोडा अधिक होता. तेव्हा वाहकाने डोंगर जरूर चढावा, पण स्वतःच्या चालीने. कोण आधी वर पोचतो अशी शर्यत लावू नये. पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींनाही हेच लागू आहे. सराव हळूहळू वाढवावा, आणि पाय जड होऊन गळू लागले तर ‘दम काढ, पळ’ असे कोणी म्हटले तरी थांबावे.

रुग्णांनी काय पाळावे?

- निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक अॅसिड या नेहमीच्या गोळ्या सहलीच्या दिवशीही चुकवू नयेत.
- ताप, जुलाब, नुकतेच येऊन गेलेले दुखणे किंवा गरोदरपण असेल तर चढाची सहल टाळावी.
- तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. दिवसभराच्या सहलीला तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पुडी सोबत असावी. दारू पूर्ण वर्ज्य.
- सकाळी लवकर निघावे, दुपारच्या उन्हात चढू नये. हिवाळ्यात गोंदियाची पहाट बोचरी असते, तेव्हा स्वेटर, कानटोपी, मोजे घालावेत.
- पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण असते, रुग्णाला मात्र मलेरिया फार जड जातो.
- खुब्याचा सांधा दुखत असेल तर उताराच्या वाटा टाळाव्यात. सिकलसेलमध्ये रक्तपुरवठ्याअभावी हे हाड झिजते आणि चढण्यापेक्षा उतरताना त्यावर जास्त भार येतो.

कोणती वाट कोणासाठी?

*नवेगावबांध* : तलावाकाठची सपाट वाट. सभोवती डोंगर आणि हिवाळ्यात पाणपक्षी. रुग्ण, लहान मुले, म्हातारी माणसे यांनी इथून सुरुवात करावी.

*हाजरा फॉल* : गोंदिया–डोंगरगड रेल्वेमार्गावर दरेकसा स्थानकावर उतरून चालत जाता येते. वाट छोटी आहे, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस दगड निसरडे असतात. रुग्णांनी धबधबा काठावरून पाहावा, भिजू नये.

*कचारगड* : दरेकसा भागातच धनेगावजवळ डोंगरात ही विशाल गुहा आहे. गोंड समाजाचे हे श्रद्धास्थान आहे आणि माघ पौर्णिमेला इथे अनेक राज्यांतून लोक येतात. तिथे त्यांचे नियम पाळावेत. चढ दगडधोंड्यांचा आहे. वाहकांनी टप्प्याटप्प्याने चढावे, रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय जाऊ नये.

*प्रतापगड* : अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील हा किल्ल्याचा डोंगर. महाशिवरात्रीच्या यात्रेत गर्दी आणि ऊन दोन्ही असतात. चालण्यासाठी यायचे तर थंडीतली एखादी साधी सकाळ निवडावी.

नागझिरा आणि नवेगावच्या राखीव जंगलात मनाप्रमाणे पायी फिरता येत नाही. २०१३ पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि वनखात्याच्या नियमांप्रमाणेच आत जावे लागते. इतर वाटांवरही वाघ, बिबट, अस्वल यांचा वावर असू शकतो. म्हणून एकट्याने जाऊ नये आणि दिवस मावळण्याच्या बऱ्याच आधी परतावे.

या खुणा दिसल्या तर वाट सोडा

रुग्णाच्या छातीत दुखून धाप लागली, ताप चढला, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, पोटाच्या डाव्या बाजूला दुखून फुगवटा आला किंवा हाडांतील कळ थांबेना, तर तातडीने दवाखाना गाठावा. वाहकाचे पाय अचानक गळाले, मांड्या-पोटऱ्या दुखून तो खाली बसला किंवा नंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर ‘थकला असेल’ म्हणून सोडून देऊ नये. सावलीत झोपवावे, कपडे सैल करावेत, अंग गरम असेल तर ओल्या फडक्याने पुसावे. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यावे आणि १०८ ला फोन करावा. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. अंगातले पाणी कमी झाले असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. डोंगरात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, तेव्हा फोन कुठून लागतो हे चढण्याआधीच पाहून ठेवावे.

तपासणी कुठे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाच्या थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने ‘एएस’ की ‘एसएस’ ते नक्की कळते. पहिल्या चाचणीवर थांबू नये, कारण ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत शून्य ते ४० वर्षे वयाच्या लोकांची तपासणी करण्याचे ठरले आहे. आपल्या आशाताईंना विचारा. सिकलसेलचा आजार दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये समाविष्ट आहे, त्यामुळे रुग्णांनी प्रमाणपत्राबाबतही रुग्णालयात चौकशी करावी.

सहल काढणाऱ्या मंडळांनी निघण्याच्या आठ दिवस आधी तपासणीचे शिबिर ठेवावे. निकाल चारचौघांत वाचून दाखवू नयेत, ज्याचा त्याला द्यावेत. विशेषतः लग्नाच्या वयाच्या मुलींच्या बाबतीत ही गुप्तता कसोशीने पाळावी. आणि चढताना गटाची चाल सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने ठरवावी, म्हणजे कोणाला ‘मला जमत नाही’ असे सांगण्याचीही वेळ येणार नाही.